कोट घातलेला टाक

पुण्याहून निघाले त्या दुपारी भाड्याची सुमो दारात उभी राहून हॉर्न वाजवत होती आणि आजी मला देव्हाऱ्यासमोरून उठू देत नव्हती. कोथरूडच्या आमच्या घराला तोवर तिन्ही बाजूंनी सोसायट्यांनी घेरलं होतं. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून दोन बायका, मुलगी परदेशी चालली म्हणून, उघड उघड बघत होत्या. मुंबईच्या रस्त्याचा भरवसा नाही म्हणून बाबा अंगणात येरझाऱ्या घालत होते. माझ्या तळहातावर दही ठेवलेलं होतं आणि ते मनगटावरून ओघळायला लागलं होतं.

आजीने देव्हाऱ्यातले नऊ टाक एकेक करून माझ्या कपाळाला लावले. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले, तळहातात मावणारे देव. आमच्यासारख्या घरांत त्यात खंडोबा, भवानी असतात आणि घरातली गेलेली माणसंही असतात. शेवटचा टाक घोडेस्वाराचा होता. तो लावताना ती थांबली आणि म्हणाली, "पान्याच्या देशात चाललीस. तिथं दारात कुनी आलं तर आधी जेवाया घाल, मग नाव इचार."

मी 'हो हो' म्हटलं. पासपोर्ट, व्हिसा, लोणच्याची बरणी एवढ्या भानगडीत तिचं बोलणं कुठे डोक्यात शिरणार? रॉटरडॅमला मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं, दारात कोण येणार होतं? त्याला आता वीस वर्षं झाली. आजी त्यानंतर तीन वर्षांनी गेली, बाबा करोनात गेले, आणि दोन्ही वेळा मी स्क्रीनसमोर बसून रडले. जुन्या कोथरूडकरांनो, तुमच्यातले जे तिथेच राहिले त्यांना यातलं अर्धं ठाऊक असेल आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नसेल. जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना काहीच ठाऊक नसेल. दोघांसाठीही लिहिते आहे.

त्या घोडेस्वाराचं नाव धोंडिबा. ते माझे आजोबा. आणि माझे आजोबा रोज सकाळी ओसरीवर बसून तंबाखू मळत असायचे.

लहानपणी मला यात काही वावगं वाटत नव्हतं. घरात जे असतं ते सगळ्यांच्याच घरात असतं असं मुलांना वाटतं. देव्हाऱ्यातल्या आजोबांना हळदकुंकू, ओसरीवरच्या आजोबांना चहा. शाळेत एका मुलीने मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगितलं, "हिचा आबा मेलेला हाय," तेव्हा मी तिच्या झिंज्या उपटल्या. पण घरी आल्यावर आबांचे पाय मात्र नीट बघितले. सरळ होते. दुपारी ते झोपले की मी त्यांच्या नाकाखाली बोट धरून बसायची. श्वास गरम लागायचा, तेवढ्यावर दोन दिवस निघायचे.

घरात सांगितली जायची ती गोष्ट अशी. धोंडिबा कोथरूडहून सायकलवर कासंड्या लावून शनिवार पेठेत दूध घालायला जायचे. एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशीही गेले. पाणी ओसरल्यावर सायकल सापडली, एक कासंडी सापडली, माणूस सापडला नाही. तीन महिने शोधलं आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, तेरावं घातलं, टाक बसवला. आणि पुढच्या वर्षी, पितृपक्षात, आजोबा चालत घरी आले. ज्याचं क्रियाकर्म झालं तो माणूस परत आला तर त्याला तसाच घरात घेता येत नाही, त्याला पुन्हा जन्मावं लागतं. म्हणून गावच्या जोशीबुवांनी त्यांचं बारसं केलं, जिवाजी असं नवं नाव ठेवलं आणि आजीशी पुन्हा लग्न लावलं. बसवलेला टाक काही उठवता येत नाही. म्हणून टाकही राहिला आणि आबाही राहिले.

आज लिहिताना ही गोष्ट किती विचित्र दिसते! पण आजी ती पापड लाटता लाटता सांगायची.

आबांच्या काही गोष्टी मात्र मलाही तेव्हा अंगावर काटा आणायच्या. रोज दुपारी बाराच्या सुमाराला ते हातातलं काम टाकून उठायचे आणि घराच्या भिंतीला तळहात लावून उभे राहायचे. चैत्राच्या उन्हाळ्यातसुद्धा. खालून वर हात सरकवत न्यायचे, थांबायचे, मग पुन्हा कामाला लागायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "कोरडी हाय." नदी त्यांनी कधीच ओलांडली नाही. लकडी पुलाच्या अलीकडे दूध दुसऱ्याच्या हवाली करून मागे फिरायचे. माझ्या जन्माआधी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, आजी सांगायची, सगळे बाहेर पळाले आणि आबा गोठ्यात शिरून दावी कापत होते. बहात्तरच्या दुष्काळात म्हणे घरात सरकारी मिलो ज्वारीच्या भाकऱ्या होत्या, तेव्हाही ते पहिला तुकडा मोडून देव्हाऱ्यात ठेवायचे आणि मगच जेवायचे. पुढे आजूबाजूच्या जमिनी प्लॉट पाडून विकल्या जायला लागल्या, एजंट ओसरीवर येऊन बसायला लागले. आबा त्यांना एकच वाक्य ऐकवायचे. "जमीन दादाची हाय, मला इचारू नका."

दादा म्हणजे कोण ते मला ठाऊक होतं. रोज सकाळी टाक आबाच धुवायचे, आणि घोडेस्वाराचा टाक हातात घेतला की हलक्या आवाजात त्याच्याशी बोलायचे. मी दाराआडून ऐकलं आहे. "दादा, म्हस याली. दादा, नातीला ताप हाय, पन उतरंल." स्वतःच्याच टाकाला दादा! मी आजीला विचारलं, आबा स्वतःला दादा का म्हणतात? ती म्हणाली, "मोठ्याला दादाच म्हनायचं." आणि मला विहिरीवर पिटाळलं.

सर्वपित्रीला धोंडिबांच्या नावाने पान वाढून परसातल्या दगडावर ठेवायचे. कावळा यायचा नाही. तास तास जायचा, भात वाळून जायचा, बाबा चिडायचे. मग आबा लांबून चालत यायचे, पानासमोर हात जोडून पुटपुटायचे आणि मागे सरायचे. त्यांची पाठ वळायच्या आत कावळा पानावर असायचा. दरवर्षी. घरातलं कुणी त्याबद्दल बोलायचं नाही, आणि सगळे एकदम जेवायला बसायचे.

मी बारा वर्षांची असताना आबा गेले. ससूनमध्ये, चार दिवसांत. दहाव्याला कावळा त्यांच्या पिंडाला लगेच शिवला. त्यांचा टाक करायचा प्रश्नच आला नाही. "टाक हाय की त्यांचा," असं सगळे म्हणाले आणि तो विषय तिथेच संपला.

रॉटरडॅम समुद्रापेक्षा खाली आहे. घर घेताना एजंट हे हसत हसत सांगतो, जणू गॅलरीतून डोंगर दिसतो असं सांगतोय. इथे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बरोबर बाराला सगळ्या देशात धोक्याचे भोंगे वाजवून बघतात. मिनिटभर वाजतात आणि थांबतात. कुणी मान वर करत नाही. मी ऑफिसात नवी होते तेव्हा पहिल्यांदा तो भोंगा ऐकला, आणि भानावर आले तेव्हा मी मीटिंग रूमच्या भिंतीला तळहात लावून उभी होते. शेजारची बाई विचारत होती, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, "ड्राय आहे." मराठी-इंग्रजीत. ती बिचारी काय समजली कुणास ठाऊक. त्यानंतर मी तो हात आवरायचा खूप प्रयत्न केला, पण भोंगा झाला की तो जातोच.

दोन वर्षांपूर्वी संतोषचा, माझ्या भावाचा, फोन आला. घर डेव्हलपरला द्यायचं ठरलं होतं. नव्या बिल्डिंगमध्ये आम्हाला फ्लॅट मिळणार, देव्हारा भिंतीतल्या कोनाड्यात बसणार. त्याआधी टाक सोनाराकडे उजळायला द्यायचे म्हणून त्याने यादी करून मला व्हॉट्सॲपवर पाठवली. आता टाक अकरा होते, आजी आणि बाबांची भर पडली होती. नवव्या नंबरवर लिहिलं होतं: धोंडिबा (आबा).

मी विचारलं, "मग जिवाजी कुठे आहेत?"

"अगं, तेच ना दोघं!" संतोष म्हणाला.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दोन नोंदी जुळल्या नाहीत की मला जेवण जात नाही. मी त्याच्याकडून घरातले जुने कागद फोटो काढून मागवले. जमिनीच्या फेरफारावर धोंडिबा मयत, वारस माझे बाबा, 'अज्ञान' म्हणजे वयाने लहान, पालक आई. धोंडिबांच्या शाळेच्या दाखल्यावरून ते आबा गेले त्या वर्षी पासष्टचे असते. आणि आबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर वय होतं बावन्न. वय कुणी सांगितलं त्या रकान्यात आजीचं नाव होतं. जी बाई सगळ्या गावाला तीस वर्षं एक गोष्ट सांगत आली, तिने ससूनच्या क्लार्कला खरं वय सांगितलं होतं.

मी ते दोन कागद स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. पुरात बुडाले तेव्हा धोंडिबा छत्तीसचे. वर्षाने दारात आला तो माणूस चोवीसचा. मला खांद्यावर बसवून म्हातोबाच्या टेकडीवर नेणारा, माझ्या तापाची बातमी टाकाला सांगणारा माणूस माझा आजोबा नव्हता. आणि ते कळून जेवढा धक्का बसायला हवा तेवढा बसलाच नाही. मला भीती दुसरीच वाटली. तो टाक धोंडिबांचा असेल, तर आबांचा टाक कुठला? आमच्याकडे ज्याला देव्हाऱ्यात जागा नाही तो माणूस गेल्यावरही दारोदार फिरत राहतो असं मानतात. मी इतकी वर्षं परदेशात राहून, इतके बग्ज शोधूनही, हे मानते. म्हणजे तेहतीस वर्षं आबा कुठे होते?

मी तिकीट काढलं.

शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या अलीकडे धोंडिबांचं दूध जायचं एवढं आजीच्या बोलण्यातून माहीत होतं. जुनी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. त्यातल्या एका तीनमजली घराच्या जिन्यात, माझ्या डोक्याच्याही वर, भिंतीवर तांबड्या रंगाची रेघ ओढलेली दिसली. पुराची रेघ. मी बेल वाजवली, आणि दार उघडेना म्हणून पुन्हा वाजवली.

"अहो, एकदा दाबली तरी वाजते ती," दार उघडणारे गृहस्थ म्हणाले. ऐंशीच्या आसपासचे, बनियन आणि पांढरा लेंगा. मी कोण, कशाला आले ते सांगितलं.

"कोथरूडचा धोंडिबा? त्याच्या दुधात पाणी असायचंच. त्या दिवशी जरा जास्त झालं."

बोलून गेले आणि मग स्वतःच ओशाळले. मला आत बोलावलं, पाणी दिलं. त्या वर्षी ते मॅट्रिकला होते. त्यांनी सांगितलं ते असं. दूध घालून धोंडिबा परत निघाले तोवर पूल बंद झाला होता, म्हणून ते याच घरात थांबले. दुपारी पाणी जिन्यावरून वर यायला लागलं तशी सगळी आळी यांच्या गच्चीवर चढली. शेजारी लाकडाची वखार होती. तिथला एक हमाल ओंडक्याला धरून वाहत चालला होता. धोंडिबांनी कमरेला दोर बांधून त्याला ओढून घेतलं. तो कुडकुडत होता म्हणून अंगातला खाकी कोट काढून त्याला घातला. एवढ्यात मागच्या बोळातून टांगेवाल्याच्या घोड्याचं खिंकाळणं ऐकू यायला लागलं. "बांधलेलं जनावर हाय, सोडून येतो," असं म्हणाले आणि गेले. गुरंढोरं सांभाळणाऱ्या माणसाला ते ऐकवेना. पेठेतले बाकी वीस जण ऐकत उभेच होते.

"घोडा आला पोहत, जिन्याच्या पायरीपर्यंत," गृहस्थ म्हणाले. "दावं कापलेलं होतं. तो नाही आला."

माझ्या डोळ्यांसमोर घोडेस्वाराचा टाक आला. तो टाक पुरानंतर कोथरूडमध्येच, सोनाराकडच्या ठरलेल्या ठशावर केलेला. सायकलवर जन्म गेलेल्या माणसाला घोडा कशाला, असं आमच्याकडे थट्टेत म्हणायचे. घोड्याची ही गोष्ट तेव्हा आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हती.

"आणि तो हमाल?"

"तो पाणी ओसरेपर्यंत भिंतीला हात लावून बसला होता. मातीच्या भिंती आधी भिजतात आणि मग बसतात. ओल किती वर चढली ते हाताने बघत होता. चार चार बोटं. आम्हाला सांगायचा, अजून कोरडी आहे, अजून कोरडी आहे."

मी त्यांना नाव विचारलं. त्या हमालाचं.

"हमालाला नाव विचारायची पद्धत नव्हती हो आमच्यात," ते म्हणाले. मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "विचारायला हवं होतं."

तिथून रिक्षा करून मी थेट शांताआत्याकडे गेले. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, पुराच्या वर्षी नऊ वर्षांची. आता ती कोथरूडलाच लेकाच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहते आणि लिफ्टला नावं ठेवते. मी सगळं सांगितल्यावर ती मुळीच दचकली नाही.

"आत्ता इचारतीस व्हय," एवढंच म्हणाली.

मग तिने सांगितलं. पूर आला त्याच्या पुढच्या वर्षीची सर्वपित्री. परसातल्या दगडावर धोंडिबांचं पान ठेवलेलं. कावळा बिचकू नये म्हणून घरातले सगळे लांब, भिंतीच्या आड. दुपार कलली तरी कावळा येईना. आणि मग बांधावरून एक माणूस आला. उन्हाने काळा पडलेला, खंगलेला, अंगात ढगळा खाकी कोट. पानासमोर उभा राहिला, आणि खाली बसून ते पान खायला लागला.

"आईनं बघितलं. मी बी बघितलं," आत्या म्हणाली. "कोट बाचा, मानूस दुसरा. पन म्हातारी आज्जी, बाची आई! तिला मोतीबिंदू. तिला कोट तेवढा दिसला. धावली की गं, वर्सभर धड जेवली नव्हती ती. 'धोंडू आला, जेवतोय बघा माझा धोंडू!' त्यो उठाया लागला, काय तरी सांगाया लागला. म्हातारीनं त्येचं त्वांड धरलं दोनी हातांनी. आईच्या हातात भाताचं पातेलं व्हतं. ती पुढं गेली आन त्येला इचारलं, 'आनखी वाढू का?' झालं. तेवढंच."

आजी तेव्हा तीस वर्षांची होती. पदरात दोन पोरं, आणि बाईच्या एकटीच्या हातात जमीन म्हणून टपून बसलेले दीर. ते पातेलं हातात धरून तिने कितीसा विचार केला असेल? मला वाटतं, अजिबात केला नसेल. जेवणाऱ्याला तिने आणखी वाढलं.

तो धोंडिबा नाही हे गावाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. जोशीबुवांनाही कळलं होतं. त्यांनीच तोड काढली. क्रियाकर्म झालेला परत आला तर त्याला नवा जन्म आणि नवं नाव घ्यावं लागतं, आणि नवं नाव घेतल्यावर तो आधी कोण होता हे कुणाला सांगावं लागत नाही. बायकोशी नव्याने लग्न लावावं लागतं, म्हणजे तेही रीतसर. बारशाला चोवीस वर्षांच्या माणसाला पाळण्यात कसं घालणार, म्हणून पाळण्यात धोंडिबांचा कोट ठेवला आणि बायकांनी पाळणा म्हटला. आत्याने दोरी ओढली होती. ती सांगते, पाळण्यात नुसता कोट होता, पण दोरीला तो तेवढा हलका लागला नाही. पुढच्याच महिन्यात चीनचं युद्ध सुरू झालं, लोकांना बोलायला दुसरा विषय मिळाला.

"ते आले कशाला होते?" मी विचारलं.

"कोट द्यायला. वर्स लागलं त्येला घर हुडकायला. पूरग्रस्तांच्या बराकीत चिखल उपसत व्हता, ठावं एवढंच की कोथरूडचा दूधवाला. आईला पुढं सांगितलेलं त्यानं. म्हनला, पान बघितलं, वाटलं दादानंच वाढून ठिवलंय."

"आणि त्यांचं आधीचं नाव?"

साठ वर्षांत हा प्रश्न आत्यालाही पडला नसावा.

"न्हाई गं," ती म्हणाली. "नवं ठिवलं, जुनं कुनी इचारलं न्हाई." मग डोळे पुसून चिडल्यासारखी म्हणाली, "त्यो गेला तवा मी तुझ्या बाला म्हनले, त्येचा येगळा टाक कर. तर म्हनला, दोन टाक केले की गावाला कळंल. आरं, गावाला ठावंच हाय! पन ठावं असनं येगळं आन दिसनं येगळं, असं म्हनला."

बाबांवर मला इतका राग कधी आला नव्हता, आणि तो राग घेऊन जायला ते आता नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी रविवार पेठेत सोनाराकडे गेले. म्हातारा कारागीर पत्रा ठोकत बसला होता. पुरुषाचा टाक म्हटल्यावर त्याने न बघताच विचारलं, "घोड्यावर की उभा?"

"उभा. अंगात कोट."

"कोट?" त्याने हातोडी खाली ठेवली. "तलवार देतो, भाला देतो. कोट कधी दिला नाही."

"ढगळा पाहिजे. दुसऱ्याचा."

त्याने कारण विचारलं नाही. पाच दिवसांनी टाक मिळाला. बाह्या हाताच्या बोटांपर्यंत आल्या होत्या, आणि एक तळहात उघडा, समोर धरलेला. तो तळहात मी सांगितला नव्हता. सोनार म्हणाला, पत्रा तिथे उरला होता, मोकळा बरा दिसेना.

संतोषला मी सगळं सांगितलं. तो रडला, मग गुरुजींना फोन करून आला. कूळ-गोत्र माहीत नसलेल्याला आपल्या देव्हाऱ्यात बसवता येत नाही असं गुरुजींचं म्हणणं पडलं. संतोष वाईट नाही, त्याला त्या नव्या कोनाड्यातल्या अकरा टाकांसमोर रोज उभं राहायचं आहे. "तू घेऊन जा ताई," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. कारण मुलीला माहेरचे देव मिळत नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सासरचे तिचे. त्या घरातल्या देव्हाऱ्यावर माझा हक्क नव्हता आणि आबांचाही नव्हता. मी टाक रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. सिक्युरिटीला पर्स उघडून बघणाऱ्या बाईने विचारलं, "ये कौन से भगवान हैं?" मी म्हटलं, आजोबा.

टाक आता रॉटरडॅमच्या माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या फळीवर आहे. तो आला त्या आठवड्यापासून मी सकाळी त्याच्याशी बोलते. मुलीचा दात पडला, पुण्यात घर पाडलं, संतोषला शुगर निघाली. कोथरूडच्या आमच्या घराच्या जागी आता खड्डा आहे असं म्हणतात आणि व्हिडिओ कॉलवर मला तो दाखवतात. मला वाटलं होतं, खड्डा बघून मी मोडून जाईन. नाही गेले. घर म्हणजे जिथे रोज कुणीतरी भिंत चाचपून बघतं ती जागा, एवढंच आता माझ्याजवळ उरलं आहे, आणि ते इथेही करता येतं.

गेल्या वर्षी पितृपक्षात महिन्याचा पहिला सोमवार आला. मी सुट्टी घेतली. भात, खीर, वडे, आमसुलाची चटणी असं सगळं केलं. केळीचं पान दुकानात मिळतं, ते कापून त्यावर वाढलं आणि गॅलरीत छपराखाली ठेवलं. इथे कावळ्यासारखे, राखाडी मानेचे पक्षी आहेत. ते समोरच्या कठड्यावर येऊन बसले आणि बसूनच राहिले. मी हात जोडून म्हटलं, आबा, सगळे बरे आहेत. एकही हलला नाही. बारा वाजले, भोंगा सुरू झाला, आणि ते सगळे एकदम उडून गेले. माझा हात भिंतीला लागला. कोरडी होती. भोंगा थांबला त्या शांततेत दाराची बेल वाजली. एकदाच.

दारात चाळिशीचा एक माणूस उभा होता. बाहेर पाऊस लागलेला, तो निथळत होता. अंगात खाकी रेनकोट, दोन मापं मोठा, बाह्या बोटांपर्यंत. शेजाऱ्यांचं पार्सल ठेवून घ्याल का, असं तो मोडक्या डचमध्ये विचारत होता. डच त्याचीही भाषा नव्हती, कुठली होती ते मला ओळखता आलं नाही. बोलता बोलता त्याने तोल सावरायला माझ्या दाराशेजारच्या भिंतीला तळहात लावला. मी त्या हाताकडे बघत राहिले. आतल्या वासाने त्याचं लक्ष माझ्या खांद्यावरून गॅलरीतल्या पानाकडे गेलं आणि त्याने नजर लगेच खाली वळवली.

मी पार्सल घेतलं, बाजूला ठेवलं आणि त्याला आत ये म्हटलं. तो नको नको म्हणत आला. पान आत आणून मी त्याच्यासमोर ठेवलं. तो हाताने जेवला, भराभरा, खाली मान घालून. भात संपत आला तेव्हा मी पातेलं घेऊन उभी राहिले आणि विचारलं, आणखी वाढू का?

पोटभर जेवून त्याने पान दुमडलं. मग मी त्याला त्याचं नाव विचारलं.